टिलवे जवळ येऊ लागले

मी घाबरट आहे. हे सगळ्या घराला ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात काही अर्थ नाही. गॅस बंद केलाय का हे पाहायला मी जिना चढून परत जाते, आणि खाली आल्यावर कुलूप ओढून पाहायला पुन्हा वर जाते. त्यात नोकरी विमा कंपनीत, दावे तपासण्याची. दिवसाचे आठ तास कोण कुठे घसरलं, कोणाच्या तळघरात पाणी कसं शिरलं, कोणाच्या अंगावर कपाट कसं पडलं, हे फोटोंसकट वाचायचं. अशा नोकरीत माणूस शूर होत नाही.

माझी मावशी बरोबर उलट. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण ती ऐकते थोडीच! एकतीस वर्षं तिने रक्त तपासायच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली, आणि निवृत्त झाल्यावर तीच सवय तळ्यावर नेली. रंगीत, ओळखायला सोपे पक्षी तिला आवडत नाहीत. तिला आवडतात ते चिखलावर तुरुतुरु धावणारे मुठीएवढे भुरे जीव. टिलवे, तुतवार, चिखल्या. मला सगळे एकाच आईची लेकरं वाटायचे. "सारखे दिसतात म्हणणाऱ्याने नीट पाहिलेलं नसतं," असं ती म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडे बघायची.

दर हिवाळ्यात तळ्यावर मोजणी असते. काठाचे भाग पाडलेले, प्रत्येक भागाला दोन माणसं. मावशीची जुनी जोडीदारीण गाव सोडून गेली आणि तीन वर्षांपूर्वी ते काम माझ्या गळ्यात पडलं. नाही म्हणायचीही मला भीतीच वाटते. पहिली दोन वर्षं मी नुसती लिहीत होते. गेल्या वर्षी मावशी म्हणाली, "माझी मान धरते. तू बस दुर्बिणीला, मी लिहिते." तेव्हापासून तिपाईवरची मोठी दुर्बीण माझ्याकडे आणि वही तिच्याकडे. मी दिसेल ते सांगायचं, ती प्रश्न विचारणार, आणि पक्ष्याचं नाव शेवटी तीच ठरवणार.

मोजणीचा नियम एकच आणि तो फार कडक. थवा मोजायला घेतला की बघणाऱ्याने डोळा काढायचा नाही आणि लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. तोंडातून फक्त आकडे. मध्येच कोणी काही बोललं, की पुन्हा एकपासून.

दादाला, म्हणजे मावशीच्या मुलाला, हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. तो दुसऱ्या शहरात असतो. आदल्या दिवशी त्याने मला फोन केला. "ती माझं ऐकणार नाही, ते मला माहीत आहे. पण तू बरोबर आहेस म्हणून मी गप्प बसतोय. तिला धडधाकट परत आण, एवढंच." मी हो म्हणाले. रात्री दोनदा उठून मी गमबूट पिशवीत भरलेत का ते पाहिलं.

सकाळी तळ्यावर पोचलो तर वारा इतका, की गाडीचं दार उघडायला दोन्ही हात लागले. आमच्या पाठीकडून, जमिनीकडून तळ्याकडे वाहत होता. तळं प्रचंड, पण उथळ. असा वारा सुटला की सगळं पाणी लोटत लोटत पलीकडच्या काठाला जाऊन साठतं आणि अलीकडे अर्धा मैल चिखल उघडा पडतो. पक्षी पाण्याच्या कडेने खातात, त्यामुळे पाण्यापाठोपाठ तेही लांब जातात. आणि मुठीएवढ्या पक्ष्याच्या पायांचा रंग अर्ध्या मैलावरून दिसत नाही. म्हणजे आपणही त्यांच्यामागे चिखलात.

काठावर पंपघर आहे. तिथला पंपवाला टोपी हाताने दाबून धरत बाहेर आला. "बाई, आज जाताय?"

"आज नाही तर कधी? आजच तर मोजणी," मावशी म्हणाली.

"जा, पण वारा पडला की लगेच मागे फिरा. पाणी परत येतं. समोरून येतं म्हणाल तर तसं नाही, आधी मागचा चर भरतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चरात दोन काठ्या रोवल्यात, एकीला चिंधी आहे. त्यांच्या मधूनच यायचं, तिथे खाली दगड आहेत. बाकी सगळा गाळ."

"ऐकलंस ना? झालं, हिची आजची झोप उडाली," मावशी त्याला म्हणाली, आणि दोघंही हसले. मी हसले नाही. फोन आणि गाडीची किल्ली पंपघराच्या टेबलावर ठेवली. मोजणीत फोन वाजलेला मावशीला खपत नाही.

चर म्हणजे जुन्या ओढ्याचं पात्र, काठापासून शंभर पावलांवर. तेव्हा त्यात घोट्याएवढं पाणी होतं. मावशीने माझा दंड धरला आणि आम्ही काठ्यांच्या मधून, दगडांवरून पार गेलो. पलीकडे नुसता चिखल, वर वाळलेला आणि आतून लोण्यासारखा. गमबूट प्रत्येक पावलाला शोषला जायचा. एकदा पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. मी किंचाळले. मावशी म्हणाली, "बूट काढ, घाल, चल." एवढंच.

पाण्याच्या कडेपासून थोडं अलीकडे एक उंचवटा होता. तिथे मावशीने घडीचं स्टूल टाकलं, मी तिपाई रोवली. समोर थवा. शेकडो टिलवे, धावणारे, चोची मारणारे. वाऱ्याने दुर्बीण अशी थरथरत होती की एकाचे दोन दिसत होते. मी तिपाईला माझी पिशवी लटकवली, वरून हात दाबून धरला आणि मोजायला लागले.

साठाला आल्यावर माझ्या डोक्यात आलं, की चरातल्या त्या काठ्या मघाशी जिथे होत्या तिथेच आहेत ना? मी मान वळवून पाहिलं. होत्या. पण मोजणी मोडली.

दुसऱ्यांदा नव्वदवर. "मावशी, वारा कमी झाला का गं?"

"नाही झाला. एकपासून."

तिसऱ्यांदा एकशे तीसवर मला पायाखालचा चिखल हलल्यासारखं वाटलं. मी ओरडलेच. मावशीने वही मांडीवर आपटली. "अगं, तू आधी बोंब मारतेस आणि मग बघतेस! तुला आणण्याऐवजी मी शेजारणीचं कुत्रं आणलं असतं. तेही कमी भुंकतं. आता थवा संपेपर्यंत तोंडातून आकड्याशिवाय काही काढलंस तर बघ."

मला फार लागलं ते. ती थट्टाच करते, नेहमीच करते, पण त्या दिवशी लागलं. बेचाळीस वर्षांच्या बाईला कोणी कुत्र्याच्या खाली बसवलं तर लागणारच. मी मनाशी पक्कं ठरवलं, आता आभाळ कोसळलं तरी बोलायचं नाही. डोळा दुर्बिणीला लावला आणि एकपासून सुरू केलं.

दोनशेच्या आसपास माझ्या लक्षात आलं, की दुर्बीण थरथरत नाहीये. चित्र एकदम स्वच्छ झालं होतं. पाठीवरचा रेटा गेला होता, कानातला घोंगावा थांबला होता, आणि टिलव्यांचं बारीक टिट-टिट ऐकू येत होतं. वारा पडला की मागे फिरा, असं कोणीतरी मला तासाभरापूर्वीच सांगितलं होतं. पण इतका वेळ धडपडून शेवटी चित्र स्थिर मिळाल्यावर कोणता मोजणीवाला डोळा काढतो? मला नुसतं हायसं वाटलं. मावशीलाही वाटलं असावं. तिने मागून माझ्या पाठीवर हळूच थोपटलं.

त्यात टिलवे जवळ येऊ लागले. ते आपणहून यायला लागले. मी दुर्बिणीचं कडं जरा फिरवायचे, चित्र नीट व्हायचं, आणि दहा पक्षी मोजून होईपर्यंत ते इतके पुढे आलेले असायचे की कडं पुन्हा फिरवावं लागायचं. पाय दिसायला लागले, मग बोटं, मग डोळ्यातली चमक. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वाटलं, आज त्यांना आपली भीतीच वाटत नाहीये.

आणि त्यांच्यात तो एक होता. टिलव्यापेक्षा जरा मोठा, चोचीचं टोक खाली वाकलेलं, डोळ्यावर एकाऐवजी दोन पांढऱ्या रेघा. आकडे सोडून काही बोलायचं नव्हतं, पण वेगळा पक्षी दिसला की सांगायची मुभा असते. मी सांगितलं.

मावशीचा आवाजच बदलला. "दोन रेघा? नक्की? पाय?"

"काळे."

"काळे की चिखलाने काळे?"

"दिसत नाहीत. पाण्यात आहेत पाय."

"मघाशी तर चिखलात होता."

"हो. आता पोटापर्यंत पाण्यात आहे."

हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं. त्याच वेळी मला कळलं, की माझे पाय घोट्यांपाशी गार पडलेत. बुटाच्या रबरातून तो गारवा चांगला जाणवत होता, आणि मला वाटतं, बराच वेळ जाणवत होता. मला कळलं होतं, यात काही शंका नाही. घाबरटाला या गोष्टी सगळ्यांच्या आधी कळतात. पण मी बोलले नाही. तीनशे बारा, तीनशे तेरा. चौथ्यांदा बोंब मारली आणि काही नसलंच, तर? तीनशे चौदा. मावशी मागे आहे, तिचे डोळे चहूकडे बघायला मोकळे आहेत, तसं काही असतं तर तिला दिसलंच असतं की. तीनशे पंधरा. मी मूग गिळून मोजत राहिले.

मग सगळा थवा एकदम उठला आणि आमच्या डोक्यावरून जमिनीकडे गेला. मी डोळा काढला.

चिखल नव्हता. समोर पाणी, दोन्ही बाजूंना पाणी. आम्ही उंचवट्यावर होतो म्हणून घोट्याएवढं. मावशीच्या स्टुलाचे पाय पाण्यात, ती वही घेऊन शांत बसलेली.

"उडाले ना? आकडा सांग."

"मावशी, पाणी."

"कुठे?"

"कुठे काय कुठे! तुझ्या पायांत!"

तिने खाली वाकून हात घातला. हात ओला झाल्यावर तिचा चेहरा पडला. "मला गार लागत होतं गं," ती म्हणाली. "पण तू बोलली नाहीस. तू बोलत नाहीस म्हटल्यावर मला वाटलं, काही नसेल."

मी तिला ओढतच उठवलं. स्टूल तिथेच राहिलं. तिपाईचे पाय मिटवून, दुर्बिणीसकट काठीसारखी हातात धरली, दुसऱ्या हाताने मावशीचं मनगट. पाणी नडगीपर्यंत होतं आणि चालता चालता गुडघ्याला आलं. ते धावत वगैरे येत नव्हतं. लाटा नाहीत, आवाज नाही, नुसतं वाढत होतं, आणि त्यामुळेच माझ्या तोंडचं पाणी पळालं. गमबुटांत पाणी शिरलं तसे ते सोडून दिले. चिखलात उघडे पाय. मला दर पावलाला वाटायचं, हे शेवटचं, आता वर येणार नाही.

चर कुठे सुरू होतो ते दिसतच नव्हतं, सगळं एकसारखं राखाडी. पलीकडे पंपघर दिसत होतं, आणि काठ्या शोधल्या तर एकच. दुसरी वाहून गेली होती. एका काठीवरून दगड तिच्या डावीकडे की उजवीकडे, कसं कळणार?

"मावशी, येताना ही कुठल्या बाजूला होती? जिच्या टोकाला चिंधी आहे ती?"

तिने मान एका बाजूला वळवली.

"मावशी! ती बघ, समोर! डावीकडची का?"

"मला काठी दिसत नाही," ती म्हणाली.

"अगं, ती काय, पंपघराच्या खाली!"

"मला पंपघरही दिसत नाही."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, पण माझ्या चेहऱ्याकडे नाही, कानाच्या बाजूला कुठेतरी. माझी पाचावर धारण बसली. इतका वेळ मला वाटत होतं, आपण घाबरट असलो तरी मावशी आहे. आता कळलं की तिथे एकच माणूस आहे आणि ते माणूस मी आहे.

मला तिचा असा राग आला की मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "माझा पट्टा धर! दोन्ही हातांनी! सोडलास तर याद राख!" आणि ती काही न बोलता, टोमणा न मारता, लहान मुलीसारखी माझ्या कमरेचा पट्टा धरून उभी राहिली. तिने ऐकलं, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

सकाळी काठ्यांच्या मधून जाताना चिंधी माझ्या उजव्या हाताला फडफडत होती, एवढं आठवलं. म्हणजे परतताना डावीकडे. मी चिंधी डाव्या हाताला ठेवून तिपाईने पुढे टोचलं. गाळ. जरा उजवीकडे. गाळ. आणखी उजवीकडे टक् झालं. पाय टाकला. मांडीपर्यंत पाणी. पुन्हा टोचलं. कमरेपर्यंत. चरातलं पाणी आडवं ओढत होतं. मी मोठ्याने काय बडबडत होते मला माहीत नाही. पंपवाला नंतर म्हणाला, की मी आकडे म्हणत होते.

मध्यावर पट्ट्याला एकदम हिसका बसला आणि ओझं गेलं. मागे वळले तर मावशी नाही. नुसतं पाणी, आणि त्यात तिच्या जाकिटाची फुगलेली पाठ. तिपाई टाकून मी दोन्ही हातांनी ती पाठ धरली आणि ओढली. तोंड वर आलं, खोकत, डोळे मिटलेले. ती मला इतकी घट्ट बिलगली की मीच घसरायला लागले. नाकात पाणी गेलं. मला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं की आपण दोघी मरणार. दादाला कोण सांगेल, असंही वाटलं.

तेवढ्यात काहीतरी माझ्या खांद्याला लागलं. पंपाच्या जाळीत अडकलेलं शेवाळ काढायचा लांब बांबू असतो, टोकाला लोखंडी आकडा असलेला. पंपवाला चराच्या पंपघराकडच्या कडेवरून छातीएवढ्या पाण्यात उतरून तो पुढे करत होता. "आकडा धरा! बाईंना सोडू नका! आकडा धरा!" एका हाताने मी तो धरला. त्याने आम्हाला शेवाळासारखंच ओढून काढलं.

पंपघरात उबदार होतं, मोटरीची घरघर होती. पंपवाल्याने आम्हाला ताडपत्री पांघरायला दिली, दोन कप चहा दिला आणि तोंडाला येईल ते बोलला. एकही शब्द चुकीचा नव्हता. मग तो कपडे बदलायला आत गेला. आम्ही बाकावर शेजारी बसलो. माझे दात वाजत होते. मावशीने चाचपत माझा हात शोधला.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "डोळ्याच्या मधोमध डाग आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार."

"आणि तू मला मान धरते म्हणून सांगितलंस."

"मग काय सांगणार? दादाने घराबाहेर पाऊल टाकू दिलं असतं का?" तिने ताडपत्री माझ्या खांद्यावर ओढली. "तुला वाटतं मी तुला नाइलाजाने आणते. तसं नाही गं. चांगले डोळे असलेल्या दहा जणी मिळाल्या असत्या. तू घाबरतेस, म्हणून तुला आणते. तू बरोबर असलीस की मी निर्धास्त असते. काही झालं की तू ओरडणार, हे मला माहीत असतं."

"मग मला कुत्रं कशाला म्हणालीस?"

तिने माझा हात दाबला. "चुकलं माझं. पण घरी बोलू नकोस. पुढच्या वर्षी आपण काठावरूनच मोजू, चरापलीकडे जायचंच नाही. माझ्याकडे आता हे एकच उरलंय. तू सांगशील ते मला सगळं दिसतं. आज त्या दोन रेघासुद्धा दिसल्या मला. सांगू नकोस, राणी."

तिने मला राणी कधी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. मला तिला हो म्हणायचं होतं.

टेबलावर माझा फोन वाजला. दादा. मी उचलला, मावशीचा हात माझ्या हातातच होता.

"झालं का मोजून? सगळं ठीक ना?"

मावशीने माझी बोटं इतकी आवळली की दुखली. "ठीक आहे म्हण," ती अगदी हळू म्हणाली.

"नाही दादा," मी म्हणाले. "ठीक नाही. आम्ही बुडता बुडता वाचलो. आणि मावशीला दिसत नाही."

मावशीने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला आणि ताडपत्रीखाली ठेवला. दादाने विचारलं, कधीपासून. मी त्याला सांगायला लागले.